डुक्कर आलं

"आवाज नको," अप्पा म्हणाले. "मला नुसतं मोबाईलवर कळलं पाहिजे."

"पण अप्पा, आवाज झाला तरच डुक्कर पळेल ना! मी भंगारातून रिक्षाचा हॉर्न आणते. फाटक हललं की असा बोंबलेल, असा बोंबलेल की..."

"आख्खी गल्ली उठवतेस का? नको म्हटलं की नको. मेसेज येऊ दे. मी येतो काठी घेऊन."

"आणि डुकरं फाटकातनं कुठं येतात? ती त्या कोपऱ्यातनं येतात, जाळी फाटलीय तिथनं. सेन्सर तिथं लावायला पाहिजे."

"जाळीचं मी बघतो. तू फाटकाला लाव, लीले."

आता तुम्ही सगळ्या शहाण्या आहात, तुम्हाला लगेच काहीतरी खटकलं असेल. मला नाही खटकलं. कारण अप्पा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. परसात, अळूच्या वाफ्याजवळ, पांढऱ्या पँटला माती लागेल याची पर्वा न करता. माझ्या हातातला तो काडेपेटीएवढा बोर्ड त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "याला मेंदू म्हणायचं का गं?" जन्मात पहिल्यांदा अप्पांनी मला काहीतरी विचारलं होतं. म्हणजे माहिती म्हणून. एरवी विचारायचे ते 'चहा झाला का' आणि 'दार लावलं का'.

माझी दहावी नुकतीच संपली होती. सुट्टीत काय करायचं, तर मी सांगलीतनं तो बोर्ड आणला होता. त्यात वायफाय असतं, आपण कॉम्प्युटरवर लिहायचं, वायरनं त्यात भरायचं, की ते छोटंसं डबडं आपलं ऐकतं. पहिल्या दिवशी त्याच्यावरचा निळा दिवा लुकलुकला तर मी घर गोळा केलं. आई ओले हात पुसत आली. अक्का आली, बघितलं आणि म्हणाली, "वा! दिवा लागला. आमच्याकडं बटण दाबून पण लागतो."

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, अन्नपूर्णा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि तिरकं बोलण्यात माझी गुरू.

मग मी आईच्या बागेला पाणी घालायचं यंत्र करायला घेतलं. मातीत खुपसायचा एक सेन्सर असतो, तो माती ओली की कोरडी ते आकड्यात सांगतो. आणि त्याचं उलटं असतं हो! माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. मला काय माहीत! मला वाटलं आकडा मोठा म्हणजे पाणी जास्त. त्यामुळं झालं काय, माती ओली झाली की माझं यंत्र म्हणायचं, बाई गं, किती कोरडं, आणि मोटर अजून जोरात. आम्ही लग्नाला गेलो होतो, परत आलो तर परसात म्हशी बसतील असा चिखल. अप्पांचं मिरजेत पाईप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान, त्यामुळं मोटर त्यांचीच, पाईप त्यांचाच. ते म्हणाले, "वायरींचा कचरा आणि पाण्याचा नाश. एवढं शिकून हेच करायचं असेल तर भांडी घासायला शीक."

मी आकडा उलटा केला आणि चाललं! टक्क असा आवाज यायचा, मोटर सुरू व्हायची, माती भिजली की परत टक्क, बंद. मी तिथं बसून तो टक्क ऐकायचे. आई म्हणायची, "वेडी झालीय कारटी." अप्पा? नुसतं जाता-येता बघायचे.

आणि मग एक दिवस ते स्वतः परसात येऊन उकिडवे बसले. म्हणून मी विचार केला नाही. मी उडी मारली.

लोहचुंबकाचा एक स्विच असतो. त्याचे दोन तुकडे. एक फाटकाला, एक खांबाला. फाटक बंद असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी, उघडलं की लांब. लांब झाले की बोर्डला कळतं आणि बोर्ड मोबाईलवर मेसेज टाकतो. दोन दिवसांत केलं मी ते. खांबावर पाईपचा तुकडा बसवून त्यात बोर्ड ठेवला, पाऊस-धूळ लागू नये म्हणून. अप्पांनी स्वतः टोपण आणून दिलं दुकानातनं.

"मेसेजमध्ये काय लिहू अप्पा?"

"लिही की काय लिहायचंय ते."

मी लिहिलं, 'डुक्कर आलं'. फाटक उघडून दाखवलं, त्यांच्या खिशात टिंग वाजलं, त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि हसले. मोठ्यानं हसले. "डुक्कर आलं! वा!"

रात्री जेवताना मी अक्काला सांगितलं, "आता मागनं डुक्कर आलं ना, की अप्पांना लगेच मेसेज."

अक्काचा घास थांबला का? मला आठवत नाही. मी तर नंतर किती वेळा आठवून बघितलं. ती म्हणाली, "डुकराला कसं ओळखतं गं ते?"

मी काय सांगायला पाहिजे होतं? फाटक उघडलं की मेसेज जातो, एवढंच. पण मला भाव खायचा होता. मी म्हटलं, "ते सिक्रेट आहे. सायन्स आहे ते, तुला नाही कळणार."

अक्का हसली आणि भात कालवायला लागली.

आता अक्काचं सांगते. अक्काला पोलीस भरतीला जायचं होतं. आठशे मीटर पळायचं, शंभर मीटर पळायचं, लोखंडी गोळा टाकायचा. ग्राउंडला मार्क पडले की मग लेखी. आमच्या गल्लीच्या मागं रेल्वेचं एक मोकळं मैदान आहे, तिथं पोरं-पोरी पहाटे पळायची, तिनं पण सुरू केलं होतं. अप्पांना कळलं तेव्हा एवढा तमाशा झाला होता ना! "चड्डी घालून पळायचं? आमच्या घरातली मुलगी? कोण करेल हिच्याशी लग्न, ट्रॅफिक हवालदार?" अक्का म्हणाली होती, "हवालदार वाईट असतो का?" त्यावर अप्पांनी ताट भिरकावलं. मग ती गप्प झाली. सोडलं म्हणाली. फॉर्म भरलाय तो भरलाय, ग्राउंडला जाणार नाही म्हणाली. मला खरंच वाटलं, सोडलं. आम्ही एका खोलीत झोपायचो हो! पण मी झोपले की मेले, आणि मला तिनं सांगितलंच नाही. का, तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बरोबर आहे. नाहीच भिजत.

आईला माहीत होतं. आई रोज रात्री हरभरे भिजत घालायची. मी विचारलं, उसळ करायचीय का, तर म्हणायची, "बघू."

तर. यंत्र लावून आठवडा झाला असेल. पहाटे अप्पांच्या आवाजानं मला जाग आली. ओरडत नव्हते. गोड आवाजात बोलत होते, त्यानंच जाग आली.

मी मागच्या दारात आले. अप्पा पायरीवर बसलेले, मांडीवर मोबाईल. अक्का फाटकाच्या आत उभी. ट्रॅक पँट, टी-शर्ट पाठीला चिकटलेला, केस कपाळाला चिकटलेले. अजून धापा टाकत होती.

"या," अप्पा म्हणाले. "आलं का डुक्कर?"

अक्काला काही कळलं नाही. मला कळलं. 

अप्पांनी मोबाईल तिच्यासमोर धरला. "हे बघ. काल आलं. परवा आलं. तेरवा पण. रोज पहाटे एक डुक्कर जातं आणि उजाडायला परत येतं. मी म्हटलं, बघू तरी, किती दिवस येतंय."

अक्कानं मोबाईल वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

"तू मला म्हणालीस डुकरासाठी आहे."

"अक्का, अगं मला..."

"तू म्हणालीस, डुक्कर ओळखतं ते."

"बूट काढ," अप्पा म्हणाले.

तिनं काढले. रनिंगचे बूट होते, निळे. क्लासमध्ये पोरांना शिकवून मिळालेल्या पैशातनं तिनं घेतले होते. अप्पांनी पिशवीतनं पाईप कापायची करवत काढली. म्हणजे ती घेऊनच बसले होते ते! आदल्या दिवशी दुकानातनं घरी आणली असणार, डब्याच्या पिशवीत, डब्याशेजारी. धुण्याच्या दगडावर एक-एक बूट ठेवला, पायानं दाबला आणि कापला. मधोमध. पाईप कापतात तसा, घाई न करता. रबराचा असा घाण आवाज येतो, दात शिवशिवतात. अक्का बघत होती. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. मी दाराची चौकट धरून उभी होते. 

कापून झाल्यावर अप्पांनी करवत पुसली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास लीले. तुझ्या हुशारीमुळं घराची अब्रू राहिली."

मुद्दाम. अक्कासमोर. ऐकू जाईल असं.

मग अक्काला म्हणाले, "गुरुवारी शिरोळचे पाहुणे येणारेत तुला बघायला. सकाळी. तेव्हा चांगली साडी काढून ठेव."

गुरुवारीच तिचं ग्राउंड होतं सांगलीला. तारीख अप्पांना माहीत होती. बघूनच ठेवला होता त्यांनी गुरुवार.

त्या दिवशी मी काय चिडले होते! पण मला चिडता येत नव्हतं ना. कुणावर चिडणार, पाठीवर शाबासकी मिळालेली पोरगी! अक्का माझ्याशी बोलेना. मी खोलीत गेले की ती बाहेर. मी म्हटलं, "अक्का, शप्पथ, मला माहीत नव्हतं," तर ती भिंतीकडं बघून म्हणाली, "आई, हिला सांग, लांब बस, जवळ आली की माझा मेसेज जाईल अप्पांना."

दुपारी मी दुकानात गेले. अप्पा गिऱ्हाईकाला पाईपच्या जोडातला कोपरा आणि टी यातला फरक समजावत होते. ते गिऱ्हाईक जायची पण वाट बघितली नाही मी.

"अप्पा, डुकराला कडी काढता येते का?"

"काय?"

"फाटकाला कडी आहे. डुक्कर कडी काढून येतं का? तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. जाळी अजून फाटकीच आहे. तुम्ही जाळी बघितलीच नाही. तुम्ही मला फसवलंत."

गिऱ्हाईक आमच्याकडं बघायला लागलं. अप्पांनी त्याला हसून दाखवलं. "धाकटी. फार डोकं आहे हिला. मशीन करते." मग मला, हळू आवाजात, "फसवलं कसलं? तुला करता येत होतं म्हणून तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर पैसे घेतले असते. जा घरी."

"मी काढणार ते."

"हात लावून बघ. कापायला अजून बरंच काही आहे घरात. तो तुझा कॉम्प्युटर कुणी घेऊन दिला?"

मी घरी आले. रस्ताभर माझे ओठ हलत होते, काय काय बोलायला पाहिजे होतं ते बोलत होते मी. तुमचं होतं का असं? सगळी उत्तरं नंतर सुचतात, आणि एकेक असं धारदार सुचतं ना!

बुधवारी संध्याकाळी अक्का धुण्याच्या दगडावर बसली होती. कडेला बुटाचे तुकडे अजून तसेच पडले होते, कुणी उचलले नव्हते. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, बोलू नकोस, नुसतं बघ.

मी फ्रिजवरचा चुंबक आणला होता, केळं असतं ना प्लॅस्टिकचं, तो. खांबावरच्या स्विचला चिकटवला. कडी काढली आणि फाटक सताड उघडलं.

काहीच झालं नाही. पाईपचं टोपण काढून दाखवलं, मेसेज जाताना लुकलुकतो तो निळा दिवा पण नाही.

"त्याला चुंबक जवळ पाहिजे, बस," मी म्हटलं. "फाटकाचा असो नाहीतर केळ्याचा. हे लावलं की त्याला वाटतं फाटक बंदच आहे. उद्या पहाटे गुपचूप जा. अप्पांनी फाटकाला कुलूप घातलेलं नाही. काल आईला म्हणत होते, 'कुलूप कशाला, माझा पहारेकरी जागा आहे.' जा तू. माझे कॅनव्हासचे बूट घे."

अक्कानं एकदा केळ्याकडं बघितलं, एकदा माझ्या पायांकडं. मग म्हणाली, "तुझे बूट मला लहान होतात."

माझ्याशी बोलली ती! मला रडूच आलं.

"रडू नको, घाण दिसतेस," ती म्हणाली. "गुपचूप जाऊ म्हणतेस. गुपचूप तर जातच होते की गं मी. काय झालं? गुपचूप गेले म्हणून गुपचूप कापले त्यांनी बूट. कुणाला कळलं? शेजारच्या अत्तार चाचींना पण नाही. परत आल्यावर अजून काहीतरी कापतील गुपचूप."

"मग नाही जायचं?"

"जायचं. पण चोरासारखं नाही." तिनं ते केळं खांबावरनं ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडं आवाज करणारं काही नाही का?"

होतं की! रिक्षाचा हॉर्न! अप्पा नको म्हणाले तरी मी तो भंगारातनं आणलाच होता, पलंगाखाली ठेवला होता. म्हटलं कधीतरी लागेल.

त्या संध्याकाळी अप्पा दुकानात होते तोवर मी काम केलं.   हॉर्नला बॅटरी जोडली, हॉर्न खांबाला बांधला, वरनं आईचं पोतेरं टाकलं. बोर्डमध्ये नवीन लिहून भरलं. फाटक उघडलं की हॉर्न, आणि मी बंद करेपर्यंत बंद नाही. आणि मेसेज बदलला. 'डुक्कर' शब्द खोडताना मी बटण इतकं जोरात दाबून धरलं की वरची आणखी एक ओळ पण गेली, ती परत लिहावी लागली. आई मागं येऊन उभी राहिली. पोतेरं कुठं गेलं म्हणून आली असावी. तिनं हॉर्न बघितला, वायरी बघितल्या.

"मला काही माहीत नाही," आई म्हणाली आणि आत जाऊन हरभरे भिजत घातले.

गुरुवारी उजाडायच्या आत अक्का उठली. ट्रॅक पँट, माझे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट, टाचा कोंबून कोंबून पाय आत घातले तिनं. हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. आईनं गूळ आणि हरभरे रुमालात बांधून दिले.  अक्का परसातनं चालत गेली, फाटकाशी थांबली, माझ्याकडं बघून मान हलवली आणि कडी काढली.

बाई गं! मला वाटलं होतं मोठा आवाज असेल. पण असा! पहाटेच्या शांततेत, भिंतींना आपटून, जणू दहा रिक्षा एकदम परसात घुसल्या. कुत्री भुंकायला लागली. पलीकडं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. अत्तारांच्या घरात दिवा लागला, मग समोर, मग पलीकडं. आणि आमच्या पुढच्या खोलीत टिंग.

अप्पा धावत आले. बनियन आणि लुंगी, हातात मोबाईल. मोबाईलवर लिहिलं होतं, 'अन्नपूर्णा भरतीला निघाली'.

"बंद कर!" ते ओरडले. "बंद कर ते आधी!"

मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिले.

तोवर मागच्या बोळात माणसं. अत्तार चाचा, चाची डोक्यावर ओढणी घेत, समोरचे जोशी, पलीकडची सगळी बिऱ्हाडं. "काय झालं? चोर का? आग लागली का?"

अक्का फाटकाच्या बरोबर मधे उभी. आता मी हॉर्न बंद केला. आणि अशी शांतता झाली की तिला ओरडावं पण लागलं नाही.

"काही नाही चाची," ती म्हणाली. "पोलीस भरतीला निघालेय. आज सांगलीला ग्राउंड आहे माझं."

"या अल्ला!" चाची म्हणाली. "त्यासाठी एवढी बोंब होय! मला वाटलं घर पेटलं."

"अप्पा, वा!" जोशी म्हणाले. "बोलला नाहीत कधी. पोरगी खात्यात जाणार म्हणजे!"

मी अप्पांकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. एक पाऊल पुढं आलं होतं, अक्काचा दंड धरायला हात पण उठला होता. आणि एवढी माणसं बघून तो हात तसाच वर, हवेत. मग त्या हातानं त्यांनी स्वतःचे केस सारखे केले.

"हो," ते म्हणाले. "म्हणजे... हो. मी सोडतो तिला. थांब, गाडी काढतो."

"नको," अक्का म्हणाली. "चाचा, तुमची रिक्षा आहे का?"

"आहे ना बेटा. बस. सांगलीपर्यंत नेतो."

ती गेली. चाचीनं तिच्या हातात पाण्याची बाटली कोंबली. गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि रिक्षा वळल्यावर, सगळी माणसं आत गेल्यावर, अप्पांनी फाटक लावलं, कडी घातली आणि माझ्या कानाखाली लावली. एकच. मला लागलं नाही. खरं सांगते, मी हसले. त्यानं ते अजून भडकले, पण पलीकडं चाची अजून अंगणात होती.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज एवढी तावातावानं सांगत बसले नसते. पुढचं ऐका.

शिरोळच्या पाहुण्यांना अप्पांनी फोन केला, मुलीला ताप आलाय म्हणून. तोंड पाडून दुकानात गेले. पण गल्लीनं तोपर्यंत बातमी केली होती. जोशींनी दूधवाल्याला सांगितलं, दूधवाल्यानं सगळ्या मिरजेला. आईनं मला डबा द्यायला पाठवलं दुपारी. दुकानात दोघं-तिघं बसले होते, चहा चालला होता.

"काय अप्पा, मोठी भरतीला गेली म्हणे?"

"मग!" अप्पा म्हणाले. चहा बशीत ओतत म्हणाले. "मी तिला म्हटलं, जा. मुलगी म्हणून मागं का राहायचं? बूट-बीट काय लागतील ते घे. आपण आहोत."

मी डबा हातात घेऊन दुकानाच्या उंबऱ्यावर उभी. त्यांनी मला बघितलं. नजर पण खाली नाही घातली! "ही धाकटी," ते म्हणाले. "हिनं बहिणीला उठवायला भोंगा केला. पहाटे सगळी गल्ली उठवली, काय सांगू! मीच म्हटलं, कर बाई." सगळे हसले. मला म्हणाले, "ठेव डबा."

सकाळच्या थपडेनं झाली नाही एवढी आग आता झाली माझ्या अंगाची. मी डबा ठेवला. डबा आपटला म्हणायला पाहिजे, आमटी सांडली सगळी बिलांवर.

अक्का ऊन उतरल्यावर आली. रिक्षातनं उतरली ती एक हात चाचांच्या खांद्यावर ठेवून. माझे बूट हातात होते, पायांत नव्हते. दोन्ही टाचा सोलवटून लाल झाल्या होत्या, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. पायरीवर बसली. आईनं गरम पाण्याची परात आणली.

"ग्राउंड निघालं का? पास झालीस?" मी विचारलं.

"निघालं," ती म्हणाली. आणि डोळे मिटून घेतले.

अप्पा त्या दिवशी दुकानातनं लवकर आले. हातात पेढ्यांचा पुडा! आत येता येता अत्तारांच्या दारात पेढे देऊन आले, जोशींना देऊन आले. आम्ही तिघी मागच्या पायरीवर बसलो होतो. त्यांनी अक्काच्या पायांकडं बघितलं. धुण्याच्या दगडाकडं नाही बघितलं. म्हणाले, "निघालं ना ग्राउंड? मला अत्तारांनी सांगितलं. मग! मुलगी कुणाची!"

अक्कानं पेढा घेतला नाही. पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला, मग त्यांनी स्वतःच खाल्ला.

मी उठले. फाटकापाशी गेले आणि खांबावरचं टोपण काढायला लागले.

"काय करतेस?" अप्पा म्हणाले.

"काढतेय."

"राहू दे की," ते म्हणाले. पेढा चघळत. अगदी प्रेमानं म्हणाले, खरंच, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं असं मला वाटतं, आणि त्याचाच मला आज सुद्धा जास्त राग येतो. "चांगलं चालतंय. भोंगा तेवढा काढ. जूनपासून तुझं कॉलेज सुरू होतंय, तुझ्या जाण्या-येण्यासाठी लागेल आपल्याला."

पान्हा आत खोलीत होता. मी आणायला गेले नाही. पाईपचा तुकडा दोन्ही हातांत धरला आणि ओढला. एकदा हलला. दुसऱ्यांदा ओढला. बोटं कापली. मागं अप्पा म्हणत होते, "अगं, अगं, खांब उपटून येईल!" आणि मी म्हटलं, "येऊ दे."